लायनीवरची डिंपना

डिंपना गिल्हूलीइतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. तिच्याबरोबर एका छपराखाली मी चौदा वर्षं काढली, तेव्हा हे मी सांगू शकते. कुत्रं भुंकलं की ती दचकायची आणि भुंकायचं थांबलं की जास्त दचकायची. आता डब्लिनचे लोक तिच्यावर लेख लिहितात आणि त्यात तिला 'धाडसी नाटककार' म्हणतात. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा माझ्या हातातला चहा पेपरवरच सांडला.

आई गेली तेव्हा डिंपना पाच वर्षांची होती. बाप कामासाठी बोटीत बसला तो परत आला नाही. मग विनीआत्यानं तिला ड्रमकीलला आणलं. गावचं पोस्ट आत्याच्या घरातच होतं. पुढच्या खोलीत काउंटर, मागच्या खोलीत टेलिफोनचं एक्स्चेंज, वर राहायच्या खोल्या. गावात कुणाची तार आली म्हणजे बहुतेक कुणीतरी मेलेलं असायचं. लहानपणी तार आली की डिंपना काउंटरखाली जाऊन बसायची आणि आत्या तार घेऊन बाहेर पडेपर्यंत कान दाबून ठेवायची. अशा मुलीला सतराव्या वर्षी आत्यानं एक्स्चेंजवर बसवलं.

गावात तेव्हा त्रेचाळीस फोन होते. कुणी फोन उचलला की डिंपनासमोरच्या फळीवर त्याचा दिवा लागायचा. ती विचारायची, वायर जोडायची आणि दोन्हीकडचे आवाज नीट येतायत ना ते ऐकायची. ऐकणं हे कामच होतं. पण त्यासाठी गुप्ततेच्या कागदावर सही करावी लागे.

"कान उघडे आणि तोंड शिवलेलं," सही करून घेताना आत्या म्हणाली होती. "एक शब्द बाहेर गेला तर तुझी नोकरी जाईल, माझं पोस्ट जाईल आणि तू जाशील तुरुंगात. कळलं का?"

"हो आत्या."

"काय कळलं?"

"तुरुंग."

ती वर्षभर नीट झोपली नाही. शेवटी चर्चमध्ये पापाच्या कबुलीला गेली आणि फादर डोलनना जाळीतून विचारलं, दुसऱ्यांचं बोलणं ऐकणं हे पाप आहे का. फादर म्हणाले, "पोरी, मीसुद्धा आठवडाभर तेच करतो. तीन वेळा प्रार्थना म्हण आणि घरी जा."

मी त्यानंतर आले, त्रेचाळीस साली. माझं नाव एथ्ना. मी काउंटरला बसायचे, तिकिटं विकायचे, पत्रं वजन करायचे. झोपायला आम्ही दोघी वरच्या एकाच खोलीत. ती कधीकधी जुन्या तारफॉर्मच्या पाठीवर पेन्सिलीनं काहीतरी लिहायची आणि मी आत आले की हात ठेवून झाकायची. मला वाटायचं, पत्र असेल कुणा मुलाला. मी चिडवायचे, ती लाल व्हायची, आणि तेवढ्यावर ते राहायचं.

त्रेपन्न सालच्या हिवाळ्यात मला ताप आला. रविवार होता, आत्या आणि डिंपना चर्चमध्ये मिस्साला गेल्या होत्या. गादी नीट करायला मी उठले तर खाली तारफॉर्मचा हा एवढा गठ्ठा. प्रेमपत्रं सापडली म्हणून मी आनंदानं उघडला. निघालं तीन अंकी नाटक.

नाव 'बुडालेला'. एका मासेमारीच्या गावात ऑनर नावाची बाई असते. नवरा कामासाठी स्कॉटलंडला जातो आणि तिकडेच दुसरं बिऱ्हाड करतो. इथे नवरा जिवंत असताना दुसरं लग्न करायची सोय नाही, आणि टाकलेली बाई म्हणून जगायची लाज. मग ऑनर गावाला सांगते, तो बुडाला. गाव रडतं, मेलेल्यासाठीचा मिस्सा होतो, ती काळे कपडे घालते. पण बुडालेल्याची पत्रं येत राहतात. शेवटच्या अंकात तो स्वतःच येऊन दार ठोठावतो. ती दार उघडते आणि त्याच्या पायाशी कोसळून रडते.

मी ते तापात वाचलं, पुन्हा वाचलं. ही आमची डिंपना? जी खाटकाकडे जाऊन "चरबी कमी द्या" एवढं म्हणू शकत नाही, ती? मला तिचा इतका अभिमान वाटला की त्या अभिमानात मी आयुष्यातली सर्वांत मोठी आगळीक केली. गठ्ठा उचलला आणि तिला न विचारता मास्तर फॅलनना नेऊन दिला.

मास्तर गावची हौशी नाटकमंडळी चालवायचे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात चर्चच्या शिस्तीनं नाचगाणी बंद असत, म्हणून सगळा जिल्हा ते सहा आठवडे नाटकं करायचा आणि शेवटी स्पर्धा व्हायची. मास्तर नव्या संहितेसाठी दरवर्षी रडायचे. मी प्रॉम्प्टर होते, विंगेत वही घेऊन बसायचे. डिंपना चहा करायची आणि सामान सांभाळायची.

पंधरा दिवसांनी शाळेच्या वर्गात सगळे जमलो. मास्तरांनी टेबलावर गठ्ठा आपटला.

"लेखकाचं नाव नाही," ते म्हणाले, "पण लिहिलंय तारफॉर्मवर. म्हणजे चोर पोस्टातलाच आहे!"

सगळे हसले आणि आम्हा दोघींकडे पाहू लागले. डिंपनाच्या हातात किटली होती. तिच्या गळ्यावर लाल चट्टे उठले. घाबरली की तिला तसं व्हायचं.

मास्तर गोष्ट सांगत गेले. बाई, खोटी विधवा, बुडालेला नवरा. मग म्हणाले, "ऑनरचं काम अर्थातच मिसेस रेडिकन करतील."

मिसेस असम्प्टा रेडिकन खिडकीपाशी बसल्या होत्या. बाजारात त्यांच्या वडिलांचं कापडदुकान त्या चालवायच्या. उंच, ताठ, पंचेचाळिशीच्या, आणि आमच्या मंडळीत अभिनय खऱ्या अर्थानं येणाऱ्या एकट्याच. नवरा मॅलकी युद्धात इंग्लंडला कामाला गेला आणि सत्तेचाळीस साली तिकडे इमारतीवरून पडून मेला. त्याच्या मिस्साला मी होते. सगळं गाव होतं.

डिंपनानं किटली खाली ठेवली आणि बाहेर गेली. मी मागे गेले. शाळेच्या सरपणाच्या खोपटामागे ती ओकत होती.

"कुणी दिलं मास्तरांना?" तिनं विचारलं.

"मी. अगं, इतकं छान आहे ते..."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"एथ्ना, ते मी रचलेलं नाही."

"म्हणजे?"

तिनं चारी बाजूंना पाहिलं. आजूबाजूला शेतं होती आणि दोन गाई. तरीही माझ्या कानाला तोंड लावून तिनं सांगितलं. बारा वर्षांत तिनं सही मोडली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

"मॅलकी रेडिकन मेलेला नाही. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आहे. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी अकरा वाजता त्याचा फोन येतो. मीच जोडते. सात वर्षं जोडतेय."

मला आधी हसू आलं, खरंच आलं. मग आतून मास्तरांचा आवाज ऐकू आला, "चला, पहिलं पान!" आणि मी तिचा दंड धरला.

"आत जा आणि सांग, माझं नाटक आहे, मला करायचं नाही."

"आणि का म्हणून विचारलं तर?"



"मी नको म्हटलं तरी त्यांना कळणार, मी ऐकते. हो म्हटलं तरी कळणार," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "आणि गावाला कळलं तर त्या बाईचं काय होईल? मिस्सा झालाय गं! फादर डोलननी स्वतः केलाय! मी फक्त माझ्या डोक्यातून काढून टाकायला लिहिलं होतं. जाळणार होते."

आम्ही आत आलो तेव्हा मिसेस रेडिकन पानं उलटत होत्या. पहिलं, दुसरं, मग एकदम शेवटचं. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मग त्यांनी चष्मा नीट केला आणि म्हणाल्या, "मास्तर, सुरुवात माझ्याच वाक्यानं आहे ना?" आणि वाचायला लागल्या. आवाज स्वच्छ, चढउतार बरोबर. नवरा बुडाल्याचं ऑनर शेजारणीला पहिल्यांदा सांगते तो प्रवेश वाचला तेव्हा मास्तरांच्या बायकोनं डोळे पुसले.

डिंपना भिंतीला पाठ लावून उभी होती. तिनं सगळ्यांना चहा दिला, मिसेस रेडिकनना मात्र कप देताना तो बशीवर इतका खडखडला की सगळ्यांनी मान वळवली.

"डिंपना," त्या म्हणाल्या, "साखर विसरलीस."

एवढंच. पण ते 'साखर विसरलीस' डिंपना पुढचे सहा आठवडे माझ्यापाशी उलगडत बसली. त्या असं का म्हणाल्या? हसून म्हणाल्या का? तू त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलंस का?

ते सहा आठवडे मला विसरता येत नाहीत. आमची टपाल खात्याची पाकिटं खाकी यायची. त्यातलं प्रत्येक पाकीट मी फोडेपर्यंत डिंपना दाराची चौकट धरून उभी राहायची, कारण तक्रार गेली तर चौकशीचं पत्र तशाच पाकिटातून येणार. ती जेवेनाशी झाली. आत्या म्हणायची, "कुठल्या पोराच्या मागे लागून वाळतेयस गं?" तालमीत मिसेस रेडिकन त्याबद्दल काही बोलत नव्हत्या. एक शब्द नाही. वेळेवर यायच्या, काम पाठ असायचं, जाताना सगळ्यांना "येते हं" म्हणायच्या. त्यांनी आरडाओरडा केला असता तर आमची सुटका झाली असती.

त्यात मार्चचा पहिला शुक्रवार आला. काउंटरला गर्दी नव्हती. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, मला डिंपनाची पाठ दिसत होती. अकराला दिवा लागला. ती म्हणाली, "ड्रमकील... जोडते हं." वायर लावली आणि मग तिची पाठ दगडासारखी झाली. चार-पाच मिनिटं ती हलली नाही. दिवा विझल्यावर तिनं हेडफोन काढला तो तिच्या हातून खाली पडला.

"काय झालं?"

"त्यांनी फोन उचलला," ती म्हणाली, "आणि त्याच्याशी बोलायच्या आधी म्हणाल्या, 'डिंपना, तू आहेस ना लायनीवर?'"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी श्वासच घेतला नाही. मग म्हणाल्या, 'असलीस तर नीट ऐक. अर्धवट ऐकून लिहू नये माणसानं.' आणि त्याला म्हणाल्या, 'हं मॅलकी, बोल आता.'"

मॅलकी रेडिकन म्हणाला होता की त्याला घरी यायचंय. तिकडची बाई निघून गेली, छातीत दुखतं, एकट्यानं राहवत नाही. ईस्टरला येतो. हे मेलेलं असणं पुरे झालं.

"त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'गावानं तुला एकदा पुरलंय. तू आलास तर मला पुरतील.' आणि फोन ठेवला."

त्या दिवसापासून डिंपनाची भीती बदलली. आधी ती स्वतःसाठी घाबरत होती. आता ती बसथांब्याकडे बघत बसायची. स्पर्धेतला आमचा प्रयोग ईस्टरच्या आधीच्या बुधवारी होता. आणि बुधवारच्या बसमधून तो माणूस उतरला तर?

प्रयोग जिल्ह्याच्या गावी, टाऊन हॉलमध्ये. आम्ही गाडीच्या टपावर नेपथ्याचं दार बांधून नेलं. हॉल खचाखच भरलेला, पहिल्या रांगेत फादर डोलन, त्यांच्या शेजारी विनीआत्या टोपी घालून. परीक्षक डब्लिनहून आलेले. डिंपना विंगेत माझ्यामागे उभी होती आणि पडद्याच्या फटीतून प्रेक्षकांतला प्रत्येक अनोळखी पुरुष तपासत होती.

"तो तपकिरी कोटवाला बघ. तो असेल?"

"तो गुरांचा डॉक्टर आहे, डिंपना."

पहिले दोन अंक उत्तम झाले. तिसऱ्यात शेवटचा प्रवेश. मिसेस रेडिकन टेबलाशी बसून बटाटे सोलतायत. बाहेरून नवरा दार ठोठावतो. नवऱ्याचं काम पॅकी खाटकाकडे होतं. पॅकीनं ठोठावलं. आता ऑनरनं उठायचं, दार उघडायचं, "आलास?" म्हणून त्याच्या पायाशी कोसळायचं.

मिसेस रेडिकन उठल्या नाहीत. बटाटा सोलत राहिल्या.

पॅकीनं पुन्हा ठोठावलं. मला वाटलं, वाक्य विसरल्या. मी हळूच म्हटलं, "आलास..." मग जरा मोठ्यानं, "उठा, दार." त्यांनी सावकाश मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. इतकी किंचित की प्रेक्षकांना कळली नाही. माझ्या खांद्यात डिंपनाची नखं रुतली.

बाहेर बिचारा पॅकी घामाघूम. शेवटी त्याच्या मनानंच ओरडला, "अगं ऑनर! मी आहे! उघड ना!"

मिसेस रेडिकननी सुरी खाली ठेवली. "कोण मी?" त्या म्हणाल्या. "माझा माणूस बुडाला. त्याच्यासाठी मेणबत्त्या लावल्यात मी. तुझ्या आवाजाचा एक माणूस दर महिन्याला माझ्या कानाशी येतो आणि मग महिनाभर मी पावलं ऐकत बसते. दुकानात घंटी वाजली की मला वाटतं आला. मिस्साला कुणी मागे खोकलं की वाटतं आला. मला तुझं प्रेम नको आणि माफी पण नको. मला एक रात्र झोप हवी आहे. जा."

मग त्या उठल्या, दारापाशी गेल्या आणि कडी घातली. प्रेक्षकांना ताठ पाठ दिसत होती. मला विंगेतून त्यांचे गुडघे दिसत होते. झग्याखाली ते लटलट कापत होते.

मास्तरांनी पडदा टाकला, दुसरं काय करणार? मला वाटलं, संपलं. फादर डोलन आता उभे राहतील. आणि मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात.

परीक्षक स्टेजवर आले, आम्हाला पहिलं बक्षीस दिलं आणि म्हणाले, "हा शेवट लिहिणाऱ्याला मला भेटायचं आहे." मास्तर म्हणाले, "आमची डिंपना! कुठे गेली डिंपना?" आत्याचं तोंड उघडं राहिलं ते मी पाहिलं.

डिंपना बायकांच्या संडासात कडी लावून बसली होती. मी दार वाजवत होते, तोच मिसेस रेडिकन आल्या. तोंडाला रंग तसाच. मला वाटलं, आता. मी दाराला पाठ लावून उभी राहिले, जणू मी त्यांना अडवणार होते.

"बाजूला हो गं एथ्ना. खाणार नाही मी तिला." मग दाराला म्हणाल्या, "डिंपना, दार उघडू नकोस. तशीच ऐक. तुला तशीच सवय आहे."

आतून एक हुंदका आला.

"पहिलं पान वाचलं तेव्हाच मला कळलं. तुझा जीव घ्यावा असं वाटलं. मग विचार केला, मी काम नाकारलं तर लोक विचारतील, का नाकारलं? दुसऱ्या कुणी केलं तर मी प्रेक्षकांत बसणार आणि लोक माझं तोंड बघणार. मग लपायला जागा एकच उरली, स्टेजच्या मधोमध. तोंडाला रंग लावलेल्या बाईला कुणी विचारत नाही की हे खरं का."

"मला माफ करा," आतून आवाज आला.

"ते नंतर बघू. तू चूक केलीस ती वेगळीच. तू ऑनरला रडवलंस. बाई गं, मी एकदाही रडले नाही. मला वेळच मिळाला नाही. मी घाबरलेली होते, सात वर्षं, रोज. आणि तू, गावातली सगळ्यात भित्री पोरगी, तुला भीती लिहिता आली नाही? रडणं काय, कुणीही लिहितं."

असं म्हणून त्या तोंड धुवायला गेल्या.

परतीच्या गाडीत फादर डोलन डिंपनाशेजारी येऊन बसले. मी मागेच होते. ते म्हणाले, "नाटक चांगलं होतं, पोरी. कुठून सुचलं?" डिंपना म्हणाली, "असंच, फादर." ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "असंच सुचलेलं असेल तर ठीक आहे." त्यांना काय ठाऊक होतं ते त्यांच्याबरोबर गेलं.

ईस्टरला तो आला नाही. आम्ही तिघी त्या रविवारी मिस्साला तीन वेगवेगळ्या बाकांवर बसून दाराकडे कान लावून होतो. मे महिन्यात त्याचा फोन आला, खोकत होता. यायचं म्हणायचा, यायचा नाही. असं आणखी अडीच वर्षं चाललं.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात, सकाळी दहाच्या सुमाराला, डिंपनानं फोनवरून तार उतरवून घेतली. कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलची होती. ती माझ्यापुढे ठेवली. मॅलकी रेडिकन आदल्या दिवशी वारला. तारा पोचवायचं काम माझं, पण डिंपना म्हणाली, "मी येते." एक्स्चेंजवर आत्याला बसवून ती आली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःहून तार पोचवायला हातात घेतली होती.

दुकानात दोन बायका कापड बघत होत्या. मिसेस रेडिकननी आमच्याकडे पाहिलं, डिंपनाच्या हाताकडे पाहिलं. त्या बायकांना लोकरीचं कापड मोजून दिलं, बांधून दिलं, "थंडी वाढलीय नाही?" म्हणाल्या आणि त्यांना दारापर्यंत पोचवलं. मग दुकान बंदची पाटी लावली.

तार वाचून त्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसल्या.

"आता मी काय करू?" त्यांनी विचारलं. खरोखरच विचारलं, जसं एखादं मूल विचारतं. "काळे कपडे घालू शकत नाही. घालून झाले. मिस्सा सांगू शकत नाही. सांगून झाला. शेजारणीला सांगू शकत नाही. सांगा ना पोरींनो, माणूस मेल्यावर बाई काय करते?"

डिंपनानं पडदे ओढले, आरसा होता तो झाकला. आमच्याकडे मयताच्या घरी करतात तसं सगळं केलं. मी मागे जाऊन चहा ठेवला. मग दुपारपर्यंत आम्ही तिघींनी बंद दुकानात दबक्या आवाजात जपमाळ धरून रोझरी म्हटली. रस्त्यावरून पावलं गेली की डिंपना थांबायची, मग पुन्हा सुरू करायची. मिसेस रेडिकन त्या दिवशी रडल्या. चार वाजता त्यांनी तोंड धुतलं, लाल कोट घातला आणि दुकान उघडलं.

निघताना त्यांनी डिंपनाचा हात धरला. "आता माझी गोष्ट खरी झाली. कधी नव्हे ती. तुझं ते नाटक कर कुठे करायचं तिथे. पण शेवट माझा ठेव."

"हो," डिंपना म्हणाली. "आणि आजचं? आजचं लिहू का?"

मिसेस रेडिकननी तिचा हात सोडला. "या वेळी विचारलंस," त्या म्हणाल्या. "लिही."

पुढच्या वसंतात डिंपनानं नोकरी सोडली. आता मला दुसऱ्यांचं ऐकवत नाही, एवढंच कारण तिनं सांगितलं. आत्या दोन महिने तिच्याशी बोलली नाही. डब्लिनला तिनं एका हॉस्पिटलात चादरी मोजण्याचं काम धरलं आणि अठ्ठावन्न साली तिथल्या एका छोट्या थिएटरात 'बुडालेला' झालं. मी आणि मिसेस रेडिकन गेलो. मिसेस रेडिकन तिसऱ्या रांगेत बसल्या. डिंपना आत आलीच नाही. मी तिला घेऊन पावसात नदीकाठानं चालत राहिले. दर दहा मिनिटांनी ती विचारायची, "आता कितवा अंक असेल? आता लोक उठून गेले असतील का?" एका पुलावर तिला ओकारी झाली, ती नेहमीचीच. परत आलो तर मिसेस रेडिकन बाहेर छत्री घेऊन उभ्या.

"कसं झालं?" डिंपनाला विचारवेना, मीच विचारलं.

"ऑनर झालेली ती मुलगी कडी फार जोरात घालते," त्या म्हणाल्या. "घाबरलेली बाई आवाज होऊ देत नाही. सांगा तिला." पण त्यांनी डिंपनाला जवळ घेतलं, रस्त्यात, सगळ्यांसमोर.

त्यानंतर डिंपनानं दहा नाटकं लिहिली. सहा रंगमंचावर आली, चार तिच्या कपाटात राहिली. एकदा एका बिशपनी तिच्याविरुद्ध पत्र काढलं, तेव्हा ती आठ दिवस माझ्याकडे येऊन राहिली आणि दाराची बेल काढून ठेवायला लावली. एकदा पेपरवाल्यांनी तिला 'रटाळ' म्हटलं, तर ती म्हणाली, बरं झालं, आता कुणी बघणार नाही. प्रत्येक पहिल्या प्रयोगाला ती नदीकाठी असायची. लग्न केलं नाही. विचारलं होतं एकानं, चांगला होता, पण ती म्हणाली, रोज घरात कुणीतरी बोलत असणार, मला ते ऐकावं लागेल.

अठ्ठ्याऐंशी साली तिच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. मी सोबतीला डब्लिनला गेले. पलंगावर ती चादर हनुवटीपर्यंत ओढून बसली होती, गळ्यावर तेच चट्टे. नर्स फॉर्म भरायला आली. नाव, वय, धर्म. मग विचारलं, "व्यवसाय?"

"टेलिफोन ऑपरेटर," डिंपना म्हणाली.

"नाही हो," मी म्हटलं, "नाटककार लिहा."

नर्सनं मान वर करून पाहिलं. डिंपनानं चादरीखालून माझा हात घट्ट धरला.

"गप ना, एथ्ना," ती कुजबुजली. "कुणी ऐकेल."

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर ती चार वर्षं जगली आणि त्यात तिनं आणखी अर्धं नाटक लिहिलं. ते माझ्याकडे आहे. पेन्सिलीनं लिहिलेलं, पण आता साध्या वहीत.